ट्रेडमिलचे ४३० : एका वहीचा जमाखर्च

पार्श्वभूमी

रत्नागिरीत मी आहारसल्ल्याचं काम करते. हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांना इथे अण्णा म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे मात्र त्यांच्या वहीतलेच आहेत आणि ते लिहायला त्यांची परवानगी आहे.

अण्णा ५१ वर्षांचे, एका पतसंस्थेत हिशेब सांभाळतात. उंची १६८ सेंटीमीटर. दिवाळीत पुण्याच्या मुलाने आई-वडिलांना एकेक स्मार्ट घड्याळ पाठवलं आणि त्याच उत्साहात अण्णांनी घराजवळच्या व्यायामशाळेत नाव घातलं. तेव्हा वजन ८२.८ किलो होतं. आठवड्यातून पाच दिवस, पहाटे सहाला, ट्रेडमिलवर पाऊण तास. एकही आठवडा बुडवला नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे आले तेव्हा वजन ८४ होतं.

बरोबर एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती. जन्मभर हिशेब लिहिलेल्या माणसाची वही. डावीकडे ‘जमा’, उजवीकडे ‘नावे’. जमेला रोजचा व्यायाम, नावे खाल्लेल्याचा खर्च, खाली शिल्लक. पहिल्याच पानावर ‘ट्रेडमिल ४३०’ आणि समोर ‘घावणे २ (जादा), ओल्या खोबऱ्याची चटणी, शिरा १ वाटी – अं. ४००’. शिल्लक ३०. अशी तीन महिन्यांची पानं, आणि प्रत्येक पानावर शिल्लक जमेची.

“मॅडम, वही जुळते. काटा जुळत नाही.”

(कॅलरी हा शब्द मी इथे रोजच्या बोलण्यातल्या अर्थाने वापरते आहे, म्हणजे किलोकॅलरी.)

अडचण

अण्णांच्या हातात एकाच व्यायामाचे तीन आकडे होते. ट्रेडमिलच्या पडद्यावर ४३०. मोबाइलच्या ॲपमध्ये ‘चढावर चालणे’ निवडून ४५ मिनिटं टाकली की ३३४. मनगटावरच्या घड्याळात २१२. वेग ताशी साडेपाच किलोमीटर, चढाचा आकडा ३, रोज तेच. त्यांनी जमेला सर्वांत मोठा आकडा घेतला होता. का, असं विचारल्यावर म्हणाले, “यंत्र एवढं मोठं आहे, त्याला जास्त कळत असणार.” यात हसण्यासारखं काही नाही. सोनाराच्या नाजूक काट्यापेक्षा गोदामातल्या वजनकाट्यावर आपलाही विश्वास अंमळ जास्तच बसतो.

खरी गोम त्या आकड्यावर ते खर्च करत होते ही होती. रोज चारशेचा जादा नाश्ता. व्यायामाने प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास जळत असतील, तर दिवसाला दोनशे वर, आठवड्याचे पाच दिवस, बारा आठवडे, म्हणजे बारा हजार. एक किलो चरबीला साधारण ७,७०० कॅलरी धरतात. वाढ दीड किलोच्या पुढे यायला हवी होती, काट्यावर सव्वा आली. एवढं जुळणंही आमच्या धंद्यात फार झालं.

पहिला निर्णय, आणि तो कुठे चुकला

त्या दिवशी बाहेर चार माणसं थांबली होती. मी घाईत दोन गोष्टी सांगितल्या. एक, ट्रेडमिलचा आकडा विसरा. दोन, मोजायचंच असेल तर घड्याळाचा आकडा धरा, ते निदान तुमचा हृदयाचा ठोका तरी बघतं.

दुसरा सल्ला मी द्यायला नको होता, आणि तेव्हाही मला पुरेशी माहिती होती. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं ६० स्वयंसेवकांवर तपासली. ठोके मोजण्यात सातपैकी सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र त्यातल्या सर्वांत बऱ्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. घड्याळाला ठोका कळतो. ठोक्यावरून कॅलरी काढताना ते वय, वजन, लिंग घेऊन एक सूत्र लावतं. ते सूत्र कंपनीच्या पोटात असतं आणि ते ‘सरासरी’ माणसासाठी केलेलं असतं.

अण्णा सरासरी माणूस नव्हते. माझ्या फॉर्मवर त्यांनी ‘बीपीची गोळी – १, सकाळी’ असं लिहिलं होतं. कुठली, हे मी विचारलं नाही.

पुढच्या सहा आठवड्यांत काय झालं ते मला मार्चअखेर कळलं. वहीत जमेला २१२ येऊ लागल्यावर अण्णांना ते लागलं. रोजचा व्यायाम एका झटक्यात अर्ध्यावर! त्यांनी तो आकडा वाढवायचा चंग बांधला. वेग वाढवला, चढाचा आकडा सहावर नेला, घामाने बनियन पिळून निघायला लागली. घड्याळ २३६ च्या वर जाईना. आणखी वेग. एका सकाळी पट्ट्यावरून उतरले आणि भोवळ येऊन खालीच बसले. व्यायामशाळेच्या मुलाने साखरपाणी दिलं, घरी सोडलं. वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या ठीक आल्या. डॉक्टरांनी दम लागेपर्यंत पळायला मनाई केली.

दुसऱ्या भेटीला वहिनी बरोबर आल्या आणि पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. मेटोप्रोलॉल.

हे बीटा-ब्लॉकर. ठोका वाढू न देणं हेच त्याचं काम. स्नायू कितीही राबले तरी हृदयाचे ठोके ठरावीक पातळीच्या फारसे वर जात नाहीत, आणि ठोके चढत नाहीत म्हणजे माणूस आरामात आहे अशी घड्याळाची समजूत होते. अण्णा धापा टाकत होते आणि घड्याळ त्यांना आळशी ठरवत होतं. घड्याळाला खूश करायला ते जेवढं पळाले त्यात माझ्या सल्ल्याचा वाटा होता. ती गोळी आकड्यापायी बंद करायची किंवा कमी करायची नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं आणि वहीतही लिहायला लावलं. ती अचानक सोडणं धोक्याचं असतं.

खडूची खूण

त्या भेटीनंतर मी पहिल्यांदा ते यंत्र बघायला गेले. जायला हवं होतं फेब्रुवारीतच.

एप्रिलचा पहिला रविवार, दुपारची वेळ, व्यायामशाळा रिकामी. एका टोकाला भिंतभर आरसा, खिडकीतून खारं वारं, डंबेल्सच्या दांड्यांवर गंज. मालक तरुण आहे, हौशी आहे. तो आधी जरा नाराज होता, पण मोजपट्टी काढल्यावर त्यालाच रस वाटू लागला. यंत्र बंद करून पट्ट्यावर पांढऱ्या खडूने आडवी रेघ मारली आणि पट्टा हाताने सरकवत पूर्ण लांबी मोजली: २९० सेंटीमीटर. ताशी साडेपाच किलोमीटर म्हणजे मिनिटाला ९१.७ मीटर. म्हणजे रेघ मिनिटाला साडेएकतीस वेळा दिसायला हवी. रिकाम्या पट्ट्यावर मालकाने मोजली तेव्हा ३१ भरली. मग अण्णा चढले. पहिल्या पावलालाच पट्टा किंचित अडकल्यासारखा आवाज आला, आणि रेघ मिनिटाला २८ वेळा आली. परत मोजली, २८. पडद्यावर साडेपाच आणि पायाखाली ताशी ४.९. ८४ किलोच्या पावलाखाली सैल पट्टा घसरत होता.

मग चढ. पडद्यावरच्या ३ ला सगळे ‘तीन टक्के’ म्हणत होते. मालकाच्या ओळखीच्या गवंड्याकडून पाणसळ आणली, पट्ट्यावर एक मीटर लांबीची सरळ पट्टी धरून फट मोजली. मीटरमागे दोन सेंटीमीटर. म्हणजे दोन टक्के.

तिसरी गोष्ट मोजायची गरजच नव्हती. अण्णा पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून चालत होते. पहाटेच्या लोकलमध्ये उभं राहिल्यासारखे. दांडीवर भार टाकला की पायांचं काम कमी होतं, चढ असेल तर जास्तच. यंत्राला त्याचा पत्ता नसतो.

हे घेऊन मी कागदावर हिशेब मांडला. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं चालण्याचं सूत्र सोपं आहे: दर किलो वजनामागे, मिनिटाला सपाट चालीसाठी प्रत्येक मीटरला ०.१ मिलिलिटर ऑक्सिजन, चढाईच्या प्रत्येक मीटरला १.८, आणि बसल्या जागचे ३.५. अण्णांच्या खऱ्या वेगाला आणि खऱ्या चढाला हे ८.१ अधिक २.९ अधिक ३.५, म्हणजे १४.५ होतं. ८४ ने गुणलं की मिनिटाला सव्वा लिटरच्या आत ऑक्सिजन. एका लिटरला साधारण ५ कॅलरी. मिनिटाला ६.१, पाऊण तासाला २७५.

त्यातही एक खोच आहे. पाऊण तास खुर्चीत बसून पेपर वाचला असता तरी पन्नास-साठ कॅलरी खर्च झाल्याच असत्या. यंत्रं आणि बहुतेक ॲप हा खर्च धरून आकडा दाखवतात, पण दिवसाच्या हिशेबात तो आधीच धरलेला असतो. म्हणजे दुहेरी नोंद. पतसंस्थेतल्या माणसाला ही एक गोष्ट लगेच पटली. व्यायामाचे म्हणून निव्वळ जमा करायचे ते सव्वादोनशेच्या आत, आणि दांडी धरल्यामुळे दोनशे म्हणा.

यंत्राचा वेग आणि चढ खरा मानला असता तरी सूत्राने ३३३ येतात. ॲपचा ३३४ जवळपास तेवढाच, पण वेगळ्या वाटेने आला. त्याच्या यादीत चढावरच्या चालण्याला ५.३ मेट लावलेले होते, आणि अण्णांनी जे निवडलं त्यावर त्याने विश्वास ठेवला. मेट म्हणजे विश्रांतीच्या किती पट. एक मेटला ३.५ मिलिलिटर धरायची जुनी रीत आहे, पण २००५ साली ७६९ जणांची मोजणी प्रसिद्ध झाली तेव्हा विश्रांतीची सरासरी २.६ भरली होती. पायाच फुगलेला, म्हणून वरचे मजलेही थोडे फुगलेले. आणि यंत्राचे ४३०? त्याने अण्णांचं वजन कधी विचारलंच नव्हतं. त्या सूत्रात १०८ किलोचा माणूस घातला की ४३० जुळतात.

मालक बराच वेळ पडद्याकडे बघत होता. म्हणाला, “मॅडम, पण लोक हा आकडा बघूनच उतरतात हो. चारशे झाल्याशिवाय कोणी उतरत नाही.” त्याचं म्हणणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं. दोन आठवड्यांनी आठवलं.

समोर असलेले पर्याय

अण्णांचा पहिला प्रश्न साहजिक होता: “म्हणजे घड्याळच बरोबर निघालं की, २१२!” नाही. कमी चढाच्या, सवयीच्या चालीला ते योगायोगाने जवळ आलं होतं. भोवळ आली त्या काळातल्या वेगाचा आणि चढाचा हिशेब त्याच सूत्राने पावणेचारशे येत होता आणि घड्याळ २३६ सांगत होतं.

तोंडावर मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन मोजायची चाचणी हा सर्वांत नेमका मार्ग. त्यासाठी मुंबई-पुणे गाठायला हवं, आणि आकडा मिळणार तो त्या दिवशीच्या त्या चालीचा. मी तो सुचवून लगेच मागे घेतला. छातीला बांधायचा पट्टा घ्यावा का, असं मुलाने फोनवर विचारलं. तो ठोके अधिक नेमके मोजतो, पण इथे ठोके चुकतच नव्हते. गोळीने दाबलेले ठोके अधिक नेमके मोजून हाती काय येणार?

सायकलचा विचार मी जास्त वेळ केला. ज्या व्यायाम-सायकलवर वॅट दिसतात तिचा आकडा या सगळ्या यंत्रांत त्यातल्या त्यात भरवशाचा असतो, कारण ती पॅडलवरचं काम प्रत्यक्ष मोजते. तासभर १०० वॅट म्हणजे ३६० किलोज्यूल. आपलं शरीर इंधनाचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोचवतं, त्यामुळे साधारण तेवढ्याच, साडेतीनशे ते सव्वाचारशे, कॅलरी जळतात. पण व्यायामशाळेतल्या सायकलवर नुसती ‘लेव्हल’ होती, आणि अण्णांचा गुडघाही फार राजी नव्हता.

मग उरलं ते सोपं वाटणारं: यंत्राच्या आकड्यातून सरळ निम्मे वजा करा. बरेच सल्लागार हे सांगतात, मीही सांगत असे. अडचण अशी की चूक कायम तेवढीच राहत नाही. पट्टा ताणला की बदलते, दांडी सोडली की बदलते, शेजारच्या यंत्रावर गेलं की बदलते. वहिनींचं उदाहरण तर पुढे मिळालंच. त्या रोज भाट्याच्या रस्त्याला तेच चार किलोमीटर, तेवढ्याच वेळात चालतात. जानेवारीच्या सकाळी घड्याळ १६० दाखवायचं. मेमध्ये संध्याकाळी तेच अंतर १९८. त्या काही जास्त चालल्या नव्हत्या. दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड ठेवायला हृदय कातडीकडे जादा रक्त ढकलतं, ठोका चढतो, ऑक्सिजन फारसा वाढत नाही. घड्याळाने उकाड्याच्या कॅलरी त्यांच्या खात्यावर टाकल्या. एकाच घरात, एकाच बनावटीचं घड्याळ नवऱ्याला कमी देत होतं आणि बायकोला जास्त.

शेवटचा पर्याय आकडे पूर्ण बंद करण्याचा. तोच मी निवडला. लगेच, त्या रविवारीच.

दुसरा निर्णय, आणि अकरा दिवस

“वही बंद करा. फक्त चाला.” असं मी सांगितलं आणि समाधानाने घरी गेले.

अण्णा दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. अकरा दिवसांनी वहिनींचा फोन आला: “मॅडम, हे हल्ली पहाटे उठतच नाहीत. म्हणतात, तीन महिने घाम गाळला तो सगळा खोटाच होता ना, मग कशाला.” व्यायामशाळेच्या मालकाला जे कळलं होतं ते मला कळलं नव्हतं. तो आकडा खोटा होता, पण अण्णांना पहाटे साडेपाचला अंथरुणातून तोच उठवत होता. रोज संध्याकाळी वहीत दोन आकडे लिहून खाली रेघ मारणं हे त्यांच्यासाठी दिवस पुरा झाल्याची खूण होती. मी हिशेबनिसाकडून वही काढून घेतली आणि बदल्यात काहीच दिलं नाही.

काय केलं

एप्रिलअखेर तिघं बसलो: अण्णा, वहिनी, मी. वही परत आली, रकाने बदलले.

डावीकडे मिनिटं, आणि त्यासमोर दम किती लागला ते. बोर्ग नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाची ६ ते २० अशी एक पट्टी असते, पण अण्णांसाठी ती आम्ही तीन शब्दांवर आणली: गाता येतं, बोलता येतं, बोलता येत नाही. मधल्यात राहायचं. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याला हे ठोक्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. उजवीकडे खाणं, पण कॅलरीत नाही, वाट्यांत. आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध तोडला. व्यायाम केला म्हणून खायचं नाही, केला नाही म्हणून उपाशी राहायचं नाही. वजन रोज सकाळी, पण वहीत आठवड्याची सरासरीच लिहायची. महिन्याला एकदा कंबर. ट्रेडमिलचा आकडा कोपऱ्यात लिहायची मुभा होती, त्याच यंत्रावरच्या कालच्या दिवसाशी ताडून बघण्यापुरती. मालकाने पट्टा ताणून, खाली तेल घालून घेतला तेव्हा हा आकडाही नव्याने सुरू केला.

दोन आठवडे वहिनींनी स्वयंपाकघरात काटा ठेवून सगळं तोललं. या प्रकरणातलं सर्वांत मोठं सापडलं ते तिथे. घरात रोज एक नारळ फुटतो. आमटीत, भाजीत, चटणीत, सोलकढीत मिळून अण्णांच्या ताटात दिवसाला सुमारे साठ ग्रॅम ओलं खोबरं येत होतं. शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या वर कॅलरी असतात. म्हणजे जवळजवळ ट्रेडमिलचा तो अख्खा पाऊण तास, खडूची रेघ, पाणसळ आणि ऑक्सिजनचा हिशेब धरून, रोज खवणीवरून ताटात पडत होता. खोबरं बंद करायला मी सांगितलं नाही, तसं सांगून कोकणात सल्लागार म्हणून कोण टिकेल? एक नारळ दीड दिवस पुरवायचा एवढंच ठरलं. वहिनी म्हणाल्या, “दोन दिवस पुरवेन, यांना सांगू नका.”

ट्रेडमिलचे पाच दिवस तीनवर आले, उरलेले दोन भाट्याच्या पुळणीवर, सुरूच्या बनापासून झरी विनायकाच्या बाजूला. इथे अण्णांनी मला शिकवलं. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा त्यांच्या वडिलांचा हिशेब. पुनवेच्या-अवसेच्या आसपास भरती अकरा-सव्वाअकराला, म्हणजे पहाटे ओहोटी, ओली घट्ट वाळू, रस्त्यासारखी. अष्टमीला सहालाच पाणी वर चढलेलं, मग चालायला उरते ती सुरूच्या मुळाशी असलेली कोरडी, पाय रुतणारी वाळू. १९९८ साली बेल्जियममधल्या संशोधकांना वाळूत चालायला कठीण जमिनीच्या २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते असं आढळलं होतं. घड्याळाच्या लेखी मात्र अष्टमी आणि पुनव सारखीच. उलट वाळूत चाल मंदावते म्हणून ते अष्टमीला कमीच जमा करायचं. तेव्हा अष्टमीच्या आठवड्यात वीस मिनिटं कमी चालायचं, असं वहीतल्या तिसऱ्या शब्दाकडे बघून ठरलं.

निकाल

मेमध्ये आंब्याने वजन जागचं हललं नाही, आणि मी ते हलवायचा प्रयत्नही केला नाही. जूनपासून पावसाने पुळण बंद, वीज जाईल तेव्हा ट्रेडमिल बंद, तरी आठवड्याला चार दिवस पडले. गणपतीत नऊशे ग्रॅम वाढले, तीन आठवड्यांत उतरले. ऑक्टोबरच्या भेटीला आठवड्याची सरासरी ८०.९ होती. फेब्रुवारीपासून ३.१ किलो कमी. कंबर १०१ वरून ९६. गोळी तीच, तेवढीच.

यातलं किती व्यायामाने आणि किती खाण्याने, हे वेगळं काढता येत नाही. माझा अंदाज, बहुतेक सगळं जादा नाश्ता थांबल्याने आणि नारळाने. नुसता बंद केलेला नाश्ता कागदावर धरला तरी यापेक्षा बराच जास्त उतार यायला हवा होता. पण शरीरही हिशेबात आपला हात मारतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, हालचालीत जास्तीच्या जाळलेल्या कॅलरींपैकी सरासरी ७२ टक्केच दिवसाच्या एकूण खर्चात दिसल्या. उरलेल्या शरीराने दुसरीकडे कुठेतरी काटकसर करून भरून काढल्या. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे टीडीएस.”

पुन्हा असं प्रकरण आलं तर

व्यायामशाळेत पहिल्याच आठवड्यात जाईन. खडू आणि मोजपट्टीला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासाने जे पटलं ते माझ्या दोन भेटींनी पटलं नव्हतं. अण्णांनी रेघ स्वतः मोजली होती म्हणून पटलं, हेही आहे.

आकडा मोडायच्या आधी दुसरं काय द्यायचं ते हातात ठेवेन. ते अकरा दिवस मला अजून टोचतात, भोवळीइतकेच. काही जणांना आकडे सुटले की मोकळं वाटतं आणि तेव्हा ते बंद करणंच योग्य असतं, विशेषतः खाण्याची धास्ती घेतलेल्या तरुण मुलींच्या बाबतीत. अण्णा त्यातले नव्हते, आणि लाल पुठ्ठ्याची वही टेबलावर आली तेव्हाच ते दिसायला हवं होतं.

वहिनींना पहिल्या भेटीलाच बोलावेन. खवणी त्यांच्या हातात आहे, आणि गोळ्यांची पिशवीही.

घड्याळाच्या बाबतीत मी अजून पुरती ठाम नाही. अण्णा ते घालतात, पावलं बघतात, कॅलरीचा चौकोन मुलाने पडद्यावरून काढून टाकला आहे. वहिनींनी त्यांचा ठेवलाय. मेमधल्या त्या १९८ वर त्या खूश आहेत, आणि त्यावर काही जादा खात नाहीत, तेव्हा मी त्यांना काही सांगितलेलं नाही.

माझ्या फॉर्मवर पूर्वी ‘चालू औषधे’ एवढीच ओळ होती. आता तिच्या खाली आणखी एक छापून घेतली आहे: ‘पाकिटं बरोबर आणा.’